समोरच्याला न सांगता फोनवरचे बोलणे रेकॉर्ड करणे गुन्हा आहे का?

आपण विचारले आहे की, घरमालक अनामत रक्कम परत देण्याचे फोनवर कबूल करतात आणि प्रत्यक्ष भेटीत कानांवर हात ठेवतात, तर त्यांना न सांगता त्यांचे बोलणे रेकॉर्ड केल्यास गुन्हा ठरेल का. ठरणार नाही. ज्या संभाषणात आपण स्वतः बोलत आहात, ते रेकॉर्ड करण्यासाठी समोरच्याची परवानगी घेतलीच पाहिजे, असा कायदा भारतात नाही. मी वकील नाही. हाच आरोप गेली नऊ वर्षे ऐकत आलेला माणूस म्हणून हे लिहीत आहे.

2014 च्या मार्चमध्ये धाकट्या बहिणीच्या यजमानांना मी त्यांच्या सदनिकेच्या मुद्रांक शुल्कासाठी 1,80,000 रुपये धनादेशाने दिले. कागद केला नाही, कारण घरच्या जावयाकडून कोण कागद लिहून घेतो? सव्वादोन वर्षांनी वहिनींकडून कळले की, ती रक्कम म्हणजे दादांनी बहिणीला घातलेली भाऊबीज होती, असे मेहुणे सगळीकडे सांगत आहेत. ओवाळणीच्या तबकात मी आजवर पाचशेच्या नोटेपेक्षा अधिक काही ठेवलेले नाही. त्या वेळच्या माझ्या फोनमध्ये बोलताना पडद्यावरच रेकॉर्डचे बटण दिसत असे. ते दाबून मी मेहुण्यांना फोन लावला आणि ‘गणपती झाले की देतो दादा, व्याजाचंही बघू’ हे वाक्य माझ्याकडे आले. गणपती गेले, नवरात्र गेले. भाऊबीजेला जेवणे आटोपल्यावर बडीशेपेच्या डबीशेजारी फोन ठेवून मी ते सर्वांना ऐकवले. बहीण उठून स्वयंपाकघरात गेली. मेहुणे मात्र पैशांविषयी चकार शब्द न काढता म्हणाले, ‘हा गुन्हा आहे, तुम्हाला आत टाकू शकतो मी.’

या प्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयात 1972 सालीच लागलेला आहे, आणि तोही मुंबईच्याच खटल्यात. 1964 मध्ये अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर दगावलेल्या एका रुग्णाच्या प्रकरणात मुंबईचे कॉरोनर (म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी) आर. एम. मलकानी यांनी डॉक्टरांकडे लाच मागितली आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने दुसऱ्या एका डॉक्टरांच्या संमतीने त्यांच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडून मलकानींचे बोलणे टिपले. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती होती, त्यामुळे हे बेकायदा फोन टॅपिंग ठरत नाही, असे म्हणून न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला. मेहुण्यांना मी हा निकाल छापून पाठवला होता. पाकीट फोडलेही नाही, असे बहीण म्हणते.

माझे पैसे मात्र बुडाले, आणि ते कसे बुडाले हे आपण नीट वाचावे. 2018 मध्ये मी वकिलांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मूळ फोनचा. तो मी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला होता आणि माझ्याजवळ उरली होती ती व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत. दुसरे त्यांनी सांगितले ते अधिक झोंबणारे होते. उसनवारीच्या वसुलीसाठी दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची असते, ती 2017 च्या मार्चमध्येच संपली होती. आणि कर्जाच्या कबुलीने ती नव्याने मोजायची, तर कबुली मुदतीच्या आत, लेखी आणि सहीनिशी दिलेली असावी लागते. तोंडी कबुली कितीही स्वच्छ ऐकू आली तरी त्यासाठी चालत नाही.

म्हणून रेकॉर्डिंग अवश्य करावे, परंतु ज्या फोनवर केले तो विकू नये, फाइल कापून छोटी करू नये, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते (त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ताडून पाहण्याचा सांकेतिक क्रमांक, आणि तज्ज्ञाची सही असते), हे वकिलांना आधीच विचारून ठेवावे. तसे आपल्याजवळ नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार असेल, तर अनामतीचा आकडा त्यात आहेच. आपले काम त्या कागदाने माझ्यापेक्षा पुष्कळ सोपे होईल.

आणखी एक गोष्ट, जी खरे तर आधी सांगायला हवी होती. वरील सर्व आपल्या स्वतःच्या संभाषणापुरते आहे. घरमालक तिसऱ्याच कोणाशी बोलत असताना त्यांचा फोन चोरून ऐकणे हा 2023 च्या दूरसंचार कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. घरमालक परदेशातून बोलत असतील तर तिथला कायदाही पाहावा. कॅलिफोर्नियात खासगी बोलण्याच्या रेकॉर्डिंगला सर्वांची संमती लागते. आणि रेकॉर्डिंग सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नये, त्यातून अब्रुनुकसानीचे वेगळेच प्रकरण उभे राहू शकते. चारचौघांत ऐकवावे की नाही, याबद्दल माझी बहीण आपल्याला निराळे मत देईल. मी ते तिच्यासमोर ऐकवायला नको होते, एवढे मला मान्य आहे.

पण गुन्हा नव्हता. 2025 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटाच्या खटल्यात नवऱ्याने बायकोच्या नकळत रेकॉर्ड केलेले तिच्याशी झालेले बोलणेसुद्धा पुरावा म्हणून ग्राह्य धरले, आणि इथे तर प्रश्न मेहुण्यांचा होता. कोणत्या कलमाखाली मला आत टाकणार होते, हे त्यांनी अजून सांगितलेले नाही.