लीडसिक्थिसची लांबी: 27 मीटर लिहू नका

तुमची पोस्ट वाचून जुनं दुखणं वर आलं. शाळेच्या भिंतीवर लीडसिक्थिस, म्हणजे डायनासोरांच्या काळातला तो प्रचंड मासा, पूर्ण आकारात रंगवायचाय, एका पुस्तकात 9 मीटर आहे, दुसऱ्यात 27, आणि वरून निरोप आलाय की मोठाच आकडा घ्या. अजिबात ऐकू नका.

मी जीवाश्मतज्ज्ञ नाही, प्रदर्शनांचे फलक लिहितो. त्या हिशेबानेच वाचा. खरी गोम ही की या माशाचा कणा मिळतच नाही. गणना अस्थिमत्स्यांत, पण सांगाड्याचा बराच भाग कूर्चेचा, तो टिकला नाही. इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळ विटांसाठी माती काढतात त्या खाणींत सापडतात ती कवटीची, कल्ल्यांची, परांची हाडं, आणि तीही चुरा झालेली. 1887 मध्ये काही हाडं चक्क डायनासोरच्या पाठीवरची कवचं समजली गेली होती! त्यामुळे लांबी काढायची ती नातलग माशांच्या प्रमाणावरून. लंडनच्या संग्रहालयातल्या पावणेतीन मीटर उंच शेपटीवरून जुना 9 मीटरचा अंदाज आला, 27.6 मीटरचा अंदाज 1986 मधला. 2013 मध्ये जीवाश्मतज्ज्ञ लिस्टन आणि सहकाऱ्यांनी हाडांतली वाढीची वलयं तपासली: विसाव्या वर्षी 8-9 मीटर, अडतिसाव्याच्या आसपास 16.5. मी तरी हाच आकडा धरीन.

आम्ही याच माशाचा फलक केला तेव्हा मंजुरी देणाऱ्या कार्यालयाला मात्र ‘देवमाशाएवढा’ हे शब्द हवे होते. शोधनिबंध जोडून पाठवला, तर उत्तर आलं की मंजूर मजकुरात बदल होत नाही. मंजूर कुणी केला, ते कुणी सांगेना. शेवटी 27 मीटरचं फ्लेक्स लागलं. भिंतीची उंची तेवढीच, म्हणून चित्र नुसतं आडवं ताणलं आणि मासा वामेसारखा दिसू लागला. पोरं त्याच्यापुढे फोटो काढायची. आजही संताप येतो.

म्हणून आकडा कुणी ठरवला ते लेखी, सहीनिशी घ्या. चित्रकाराला जबड्यात सुळे काढू देऊ नका. हा तोंड उघडून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गाळणारा मासा. जमलं तर कल्ल्यांतली ती गाळणी कोपऱ्यात मोठी करून दाखवा, मुलं तिथेच रेंगाळतात. आणि शेजारी मेगालोडॉन नको. तो शार्क, शिवाय याच्यानंतर कित्येक कोटी वर्षांनी आलेला.