वर्गासाठी पीव्हीसी पाइपचे कप्पे कसे करावेत, आणि ते पाइप आहेत हे ओळखू येऊ नये म्हणून कोणता रंग लावावा?

आपल्या प्रश्नाचा पहिला भाग सोपा आहे. मी उत्तर लिहायला बसले ती दुसऱ्या भागामुळे. पाइप ओळखू येऊ नयेत, हाच आग्रह बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील एका ज्येष्ठ शिक्षकांनी धरला होता, आणि त्या वेळी मला त्यांना धड उत्तर देता आले नव्हते.

मी कुर्ल्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीचा वर्ग सांभाळत असे. वर्ग तळमजल्यावर होता. मंगळवार, २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या पावसाची सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर नोंद झाली. मिठी नदीचे पाणी कुर्ल्याच्या वस्त्यांत शिरले आणि आमच्या वर्गात ते फळ्याच्या खालच्या कडेपर्यंत चढले. पाणी ओसरल्यावर दार उघडले, तेव्हा प्लायवुडचे कपाट फुगून त्याचे थर सुटले होते, आणि आतील वह्या, तक्ते व मुलांची वर्षभराची चित्रे यांचा एकच लगदा झाला होता. नकाशे गुंडाळून ठेवण्यासाठी मी कोपऱ्यात उभा केलेला प्लास्टिकच्या पाइपचा एक तुकडा तेवढा धुऊन पुसल्यावर पूर्वीसारखा झाला. नकाशे मात्र गेलेच.

माझ्या वर्गातील एका मुलाचे वडील प्लंबर होते. पुरात त्यांचेही घर पाण्याखाली गेले होते, तरी दिवाळीच्या सुट्टीत ते स्वतःची हत्यारे घेऊन तीन दिवस शाळेत आले. नवे कप्पे पाइपचेच करायचे म्हणून मी छोटे पाइप सुचवले होते. ते म्हणाले, "बाई, चार इंची घेऊ या. अडीच इंचीत पोरांचा हात अडकेल." चार इंची म्हणजे ११० मिलिमीटरचा, सांडपाण्यासाठी विकला जाणारा राखाडी पाइप. तीन मीटरचे तीन पाइप आम्ही स्टेशनजवळच्या दुकानातून नवे आणले. वर्गात ५६ मुले आणि २८ बाके होती, म्हणून बाकागणिक एक असे २५ सेंटिमीटर लांबीचे २८ तुकडे कापले. खालच्या ओळीत सहा, तिच्या खाचांत पाच, पुन्हा सहा, पुन्हा पाच, पुन्हा सहा, अशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचना केली की हे सगळे साधारण ६६ सेंटिमीटर रुंदीत आणि ५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीत बसते. गोल तुकडे एकमेकांच्या खाचांत बसत असल्यामुळे प्रत्येक ओळीमागे उंची अकराऐवजी साडेनऊ सेंटिमीटरच वाढते.

कापण्याचे मर्म त्या दादांनी मला शिकवले, आणि ते मी आजही तसेच सांगते. पाइपभोवती कागद घट्ट गुंडाळावा, त्याच्या कडा एकमेकींवर तंतोतंत जुळवाव्यात आणि कागदाच्या कडेने पेन्सिल फिरवावी. हॅकसॉने एकाच बाजूने आरपार कापत न जाता, पाइप थोडा थोडा फिरवत त्या रेषेवर कापावे, म्हणजे तोंड तिरके होत नाही. नंतर आतील व बाहेरील कड कानशीने आणि पॉलिश पेपरने इतकी गुळगुळीत करावी की आपण स्वतः डोळे मिटून बोट फिरवू शकू. या कामात घाई करू नये. आमचा दीड दिवस केवळ कडा घासण्यात गेला.

तुकडे एकमेकांना सोल्युशनने चिकटवण्याचा सल्ला आपल्याला अनेक जण देतील. तो मानू नये. ते सोल्युशन एल्बो किंवा कपलर अशा जोडतुकड्यांमध्ये पाइप बसवण्यासाठी असते, कारण तेथे दोन्ही पृष्ठभाग सर्व बाजूंनी एकमेकांना भिडलेले असतात. दोन गोल पाइप शेजारी ठेवले तर ते फक्त एका रेषेत टेकतात, आणि तो जोड मुलांच्या पहिल्या धक्क्याला सुटतो. शिवाय त्याची वाफ डोक्यात जाते आणि पेट घेते, त्यामुळे बंद वर्गात ते वापरणे योग्य नाही. तुकडे जेथे टेकतात तेथे, पुढच्या कडेपासून तीन-चार सेंटिमीटर आत एक आणि मागे एक, असे ड्रिलने छिद्र पाडून लहान नट-बोल्ट वॉशरसह घालावेत. बोल्टचे टोक उघडे राहू नये म्हणून डोम नट, म्हणजे गोल टोपीचे नट, घ्यावेत. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात ते सहज मिळतात. मागच्या बाजूला पुठ्ठा लावू नये, कारण मुंबईच्या पावसाळ्यात त्याला बुरशी येते. आम्ही मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली होती, त्यामुळे हवा खेळती राहिली. पुढच्या कडेखाली लाकडाची पातळ पट्टी सरकवून सगळे कप्पे किंचित मागे कलते ठेवले, म्हणजे पेन्सिली घरंगळून बाहेर पडत नाहीत.

सुट्टीनंतर हे कप्पे वर्गात मांडले, त्या सकाळी ते दादा मुलाला सोडायला आले होते. आमचे ज्येष्ठ सहकारी दारात थांबून त्यांच्यादेखत मला म्हणाले, "बाई, संडासाचे पाइप सरस्वतीच्या फोटोखाली मांडलेत तुम्ही. निदान रंगवून तरी घ्या, म्हणजे कोणाला कळणार नाही." दादा काही बोलले नाहीत. त्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते कामाला निघून गेले. त्यांचा मुलगा पुढचे बरेच दिवस आपल्या कप्प्यात काही ठेवत नव्हता, पट्टी आणि कात्री दप्तरातच बाळगत असे. मी मात्र त्या वेळी "बघते, सर" एवढेच म्हटले, आणि त्या शब्दांची खंत मला अजूनही आहे.

मी तेव्हा म्हणायला हवे होते ते असे. दुकानातून आलेला कोरा पाइप संडासाचा नसतो, तो ज्या घरात बसतो त्या घराचा असतो. आपल्या इमारतीतील सांडपाणी जो माणूस आपल्या नजरेआड नीट वाहून नेण्याची सोय करतो, त्याच्याच हातचे काम वर्गात दिसू नये असे वाटणे हे स्वच्छतेचे लक्षण नाही. प्लायवुडच्या कपाटाला सनमायका लावून मिरवणाऱ्यांना पाइपची लाज वाटते, ती वस्तूची नसून ती वस्तू वापरणाऱ्या कामगाराची असते. मुख्याध्यापकांनी नंतर रंगाचे पैसे देऊ केले, तेव्हा मी ते नाकारले आणि त्या पैशांतून नवे नकाशे आणले. प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी बाकाचा आकडा लिहिण्याचे काम मी त्याच मुलाला दिले. त्याने २८ आकडे दोन मधल्या सुट्ट्यांत लिहून काढले, आणि त्यानंतर त्याची पट्टी त्याच्या कप्प्यात दिसू लागली.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या सांगते. गोल कप्प्यात वह्या बसत नाहीत. तो पट्ट्या, कात्र्या, रंगपेट्यांतील सुटे खडू आणि पाण्याच्या बारीक बाटल्या यांच्यासाठीच ठीक आहे. वह्यांसाठी एक इंची पाइप, एल्बो आणि टी यांची चौकट करून तिच्यावर कापडी खिसे टांगावेत. ती चौकट न चिकटवता नुसती दाबून बसवली, तर सकाळ-दुपार अशा दोन अधिवेशनांच्या शाळेत दुपारच्या वर्गासाठी ती सोडून भिंतीला लावून ठेवता येते. कप्प्यांचा ठोकळा भिंतीला क्लॅम्पने बांधावा, आणि वरची ओळ सर्वांत बुटक्या मुलाच्या डोळ्यांच्या रेषेपेक्षा उंच नसावी. पाइप तापवून वाकवण्याच्या फंदात पडू नये, कारण जळाल्यास त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू निघतो.

शिशाचेही ध्यानात ठेवावे. पीव्हीसी पाइपमध्ये पूर्वी शिशाचे स्टॅबिलायझर, म्हणजे प्लास्टिक टिकून राहावे म्हणून मिसळलेली विषारी शिशाची संयुगे, सर्रास वापरत, आणि ते हटवण्याचे नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये केले. आम्ही २००५ साली याचा विचारच केला नव्हता. म्हणून जुने, उन्हात पांढुरके पडलेले तुकडे भंगारातून आणू नयेत, नवा पाइप घेताना शिसेविरहित असल्याची खात्री करून घ्यावी, घासकाम मुले नसताना उघड्यावर आणि पाणी लावून करावे, आणि भुकटी ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. या कप्प्यांत खाण्याची कोणतीही वस्तू उघडी ठेवू नये.

खर्च पाइपच्या जाडीवर अवलंबून असतो. सांडपाण्याच्या पाइपमध्ये ए आणि बी असे दोन प्रकार मिळतात. बी अधिक जाड व महाग असतो, आणि कप्प्यांना ए पुरेसा होतो. रंग लावायचाच असेल, तर पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरखरीत करून, प्लास्टिकवर चालणारा प्रायमर मारून मगच लावावा, नाहीतर मुलांच्या नखांनी तो पापुद्र्यांसारखा निघतो. मुलांना रंग आवडतात म्हणून लावणार असाल, तर त्यांनाच निवडू द्यावा. पाहुण्यांना पाइप कळू नयेत म्हणून लावणार असाल, तर कप्पे करून देणाऱ्या माणसाला आधी विचारावे, आणि ते त्याच्या मुलासमोर विचारावे.