वाचकांचे प्रश्न : पिसांची जिग का फिरते?

प्रश्न : घरीच २ ग्रॅमच्या जिगवर (वजनदार डोक्याचा मासेमारीचा गळ) मारबू (मऊ, फुलणारी) पिसं बांधतो. दोन-तीन मासे लागले की सगळी बांधणी गळाच्या दांड्याभोवती गोल फिरायला लागते. दोरा आणखी गुंडाळू का?

उत्तर : नको. दोरा वाढवला की गाठोडं जाड होतं, पकड वाढत नाही. बहुतेक वेळा पिसं थेट गुळगुळीत धातूवर बांधलेली असतात. आधी नुसत्या दोऱ्याचा थर द्या : जिगच्या डोक्यामागून वेढ्याला वेढा लावत गळाच्या वाकापर्यंत जा आणि परत या. त्यावर सुपरग्लूचा छोटा थेंब पसरवा, तो ओला असतानाच पिसं ठेवा. पहिले दोन वेढे सैल घ्या, मग दोरा सरळ खाली ओढून आवळा. एकदम आवळलात तर पिसं दोऱ्यासोबत पलीकडे सरकतात. पुढे ५-६ घट्ट वेढे पुरेत. शेपटी दांड्याच्या दीडपटीपेक्षा लांब नको, नाहीतर मासा नुसती शेपटीच ओढतो. कोरडं मारबू फुगलेलं दिसतं. ओल्या बोटांनी चोळा, खरी जाडी तेव्हाच कळते. शेवटी गाठ दोनदा मारून वर वार्निश लावा. ते गळाच्या नेढ्यात गेलं तर सुकण्याआधी सुईने काढा.

प्रश्न : स्पिनिंग रॉडने (बारीक दोरीच्या रीळाची मासेमारीची काठी) साधी फ्लाय (पिसांचं हलकं आमिष) लांब का जात नाही?

उत्तर : फ्लाय फेकण्याच्या खास काठीत, म्हणजे फ्लाय रॉडमध्ये, जाड दोरीचं वजन फ्लायला पुढे नेतं, तुमच्या बारीक दोरीला ते वजनच नाही. वजनासाठी पाणी भरता येणारा पारदर्शक फ्लोट लावा, त्यापुढे साधारण १ मीटरवर फ्लाय बांधा.