पणजोबांची जन्मनोंद ‘आढळून येत नाही’ म्हणाले? आधी हे बघा

पणजोबांची १९१० च्या आसपासची जन्मनोंद मागितली आणि तहसीलच्या अभिलेख कक्षाने ‘नोंद आढळून येत नाही’ असा शेरा दिला, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यावर शोध सोडू नका.

अर्जात तुम्ही पणजोबांचं नाव आणि आडनाव दिलंय. गोची तिथेच आहे. गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात (गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत), जन्म बहुतेक वेळा बापाच्या नावाने लिहिलेला असतो. बारशाआधीच जन्माची वर्दी (खबर) गेलेली, त्यामुळे बाळाचं नाव कोरं. नोंद साधारण अशी: तारीख, ‘भिवा बिन राघू’ (राघूचा मुलगा भिवा, म्हणजे बाळाचा बाप), जात, ‘मुलगा’. आडनाव बहुधा नसतंच. तेव्हा खापरपणजोबांच्या नावाने शोधा आणि त्या बापाच्या नावावरची सगळी मुलं उतरवून घ्या; भावंडांच्या क्रमावरून आपला माणूस ठरवता येतो. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर ती तारीख अंदाजे घातलेली समजा आणि मागेपुढे पाच-पाच वर्षं बघा.

मला सगळ्यात जास्त छळलं ते एका कार्यालयाने. वही न उघडता, नुसती संगणकातली यादी बघून शेरा मारला. त्या याद्या जुनी मोडी लिपी वाचून कुणीतरी घाईत केलेल्या असतात, नावं चुकतात, गावंही चुकतात. लोकांचे हेलपाटे होतात त्याचं कुणाला काही वाटत नाही, याचा आजही संताप येतो.

म्हणून अर्जात ‘नक्कल द्यावी’ एवढंच लिहू नका, ‘मूळ वहीचं अवलोकन करू द्यावं’ असंही लिहा. गाव, त्या वेळचा तालुका, नमुना क्रमांक आणि वर्षं स्पष्ट घाला. तालुका-जिल्हा आजचा धरू नका: सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९४९ पर्यंत साताऱ्यात. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अवलोकनच मागा; कलम २(ञ) मध्ये तो हक्क आहे. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. वही नष्ट केली म्हणाले तर नष्ट केलेल्या कागदांची यादी मागा.

मोडी येत नसेल तर वाचणारा सोबत न्या. फोटोची परवानगी मिळाली तर आधी वहीचं मुखपृष्ठ आणि गावाचं नाव असलेलं पान घ्या, मग नोंद. नुसत्या नोंदीचा फोटो पुढे कोणत्या गावचा हेच कळत नाही.

हे सगळं जुन्या मुंबई इलाख्यातल्या गावांचं. मराठवाड्यात निजामाचं दफ्तर, बरंचसं उर्दूत. तिथे फसली सनात (निजामाच्या महसुली वर्षात) ५९० मिळवून इसवी सन काढावा लागतो. आणि घराण्याकडे वतन किंवा इनाम नसेल तर पुण्याच्या पेशवे दफ्तरापासून (पेशवाईतल्या जुन्या कागदांपासून) सुरुवात करू नका, असं माझं मत. त्याआधी गावच्या जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची वही) बघा.