टोपणनावाने, ओळख लपवून इलेक्ट्रॉनिक म्युझिक रिलीज करावं का, की लोक गिमिक म्हणतील?

भाऊ, लपवा. गिमिक म्हणणारे म्हणोत. 'एफेक्स ट्विन' या नावाने इलेक्ट्रॉनिक म्युझिक करणाऱ्या रिचर्ड जेम्सने 2007 मध्ये 'द टस' नावाने रेकॉर्ड काढल्या, क्रेडिटमध्ये ब्रायन आणि कॅरेन ट्रेगास्किन अशी खोटीच जोडी टाकली, लोक भांडत बसले की हा तोच का म्हणून, पण भांडायसाठी का होईना एकेक ट्रॅक कान देऊन ऐकला ना? बरियल नावाच्या इलेक्ट्रॉनिक कलाकाराचा 'अनट्रू' अल्बम ब्रिटनच्या मर्क्युरी प्राइझ या संगीत पुरस्काराच्या यादीत पोचला तेव्हाही त्याचं खरं नाव त्याने सांगितलं नव्हतं.

नागपुरात मी अन माझा एक पार्टनर असंच म्युझिक करायचो. नाव ठेवलं 'बडग्या', मारबतीच्या मिरवणुकीतला पुतळा असतो तो. वरातीतला संदल, म्हणजे ढोलताशांचा ताफा, मोबाइलवर रेकॉर्ड केला, कळमना मार्केटातल्या संत्र्याच्या लिलावाची बोली कापून-कापून तिचा बीट केला, खाली 303 नावाच्या जुन्या बेस सिंथेसायझरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, त्यात रेझोनन्स (आवाजाचा टोकदारपणा) वाढवून स्लाइड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणं) टाकला की बेसलाइन अशी किरकिरते की लहान पोरं हसत सुटतात. तेच पाहिजे होतं आम्हाले. एकदा बर्डीवर मोबाइलच्या दुकानात आमचाच ट्रॅक वाजून राहिला होता, विचारलं कोणाचा, तर पोरगा म्हणे पुण्याच्या कोण्या डीजेचा आहे. मी काहीच बोललो नाही. असा आनंद मले स्टेजवर कधी भेटला नाही.

मग पार्टनरने धरमपेठेतल्या एका शोच्या पोस्टरवर दोघांचे फोटो अन नावं छापली, मले न विचारता. त्याचं म्हणणं, नाव सांगितलं नाही तर नाव होणार कसं! शोला गर्दी झाली, खरं आहे, पण ती सगळी मित्रमंडळी अन नातेवाईक. त्यानंतर ट्रॅकबद्दल कोणी बोलेच ना, 'अरे हा तर आपल्या कॉलेजचा', 'घरचे काय म्हणतात', 'जॉब सोडला का बे', बस हेच. त्याले हे आजही पटत नाही.

हां, पैशाच्या कागदांवर लपवाछपवी चालत नाही, तिथे खरं नाव अन पॅन लागतंच. आणि आपल्या कॉपीराइट कायद्यात टोपणनावाने काढलेल्या संगीताले प्रकाशनानंतर 60 वर्षं धरतात, त्या मुदतीत खरं नाव जाहीर केलं तर मृत्यूनंतर 60. म्हणजे कायदा 60 वर्षं थांबायले तयार आहे, पार्टनरले काहून एवढी घाई होती? तुमच्यासोबत कोणी पार्टनर असेल तर नाव कोण सांगणार, कधी सांगणार हे आधीच लेखी घ्या, दोघांच्या सह्या घ्या, आणि पोस्टर छापायले देण्याआधी दोघांचा होकार लागेल हेही त्यातच टाका.