शाम्पूतलं रेशीम आणि कोशाचं पाणी

प्रश्न : सिल्क प्रोटीनच्या शाम्पूने तुटके केस सांधले जातात का? (धरमपेठ)

नाही. केस केराटिन या प्रथिनाचा, आणि त्याची ताकद सिस्टीन या अमिनो आम्लातल्या गंधकाच्या दुव्यांत. रेशमाच्या धाग्याचं प्रथिन फायब्रॉइन; त्यात ग्लायसिन, अ‍ॅलनिन ही अमिनो आम्लं भरपूर, सिस्टीन नावालाच. ठिगळ लागणार कुठून? बाटलीत धागाही नसतो, त्याचे विरघळणारे बारीक तुकडे असतात. लेबलवर ‘हायड्रोलाइज्ड सिल्क’ म्हणतात ते हेच. त्यांचा पातळ थर केसावर बसतो, कंगवा अडकत नाही, इतकंच. शाम्पूत तर बराचसा मोरीतच जातो. हौस असेल तर न धुण्याचं सीरम घ्या.

प्रश्न : माझं माहेर मोहाडीचं. तिकडे कोसा उकळतात, ते पाणी केसांना लावू का? (सक्करदरा)

कल्पना वाईट नाही, पाणी वाईट आहे. कोशाचा धागा चिकटवणारा डिंक म्हणजे सेरिसिन. तो ओल धरतो, म्हणून सौंदर्यप्रसाधनांत त्याला मागणी. तुतीच्या कोशात तो साधारण चौथा हिस्सा असतो. ऐन-अर्जुनाच्या झाडांवरच्या टसरमध्ये, म्हणजे तुमच्या कोशात, बराच कमी. शिवाय टसरचा कोश सुपारीसारखा टणक, नुसत्या पाण्याला दाद देत नाही, म्हणून त्यात सोडा पडतो. ते पाणी एकदा बोटांत चोळून बघा : तपकिरी, बुळबुळीत, आणि शिजलेल्या किड्याचा वास! हा बुळबुळीतपणा रेशमाचा कमी, सोड्याचा जास्त. क्षाराने केसाचे खवले उघडतात आणि वाळल्यावर केस राठ होतो. माहेरून आणायचीच असेल तर करवती साडी आणा.

प्रश्न : पार्लरमध्ये ‘सिल्क’ स्ट्रेटनिंग करताना डोळे झोंबले. रेशमाची अ‍ॅलर्जी असेल का? (महाल)

मला तसं वाटत नाही. केस सरळ करणारं रसायन वेगळंच असतं, रेशीम फक्त नावाला. डोळे-नाक झोंबलं की पहिला संशय फॉर्मल्डिहाइडच्या वाफेवर घ्यावा. काही ठिकाणी त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्ल वापरतात; त्यानंतर मूत्रपिंडाला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. त्या दिवसांत उलट्या झाल्या किंवा पोट-कंबर दुखली, तर डॉक्टरांना स्ट्रेटनिंगचं जरूर सांगा, मूत्रपिंडासाठीची क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून घ्या. पुढच्या वेळी आधी बाटली मागा. दाखवत नसतील तर सरळ उठून या.

प्रश्न : रेशमाचं क्रीम मे महिन्यात पुरेल का? (मानेवाडा)

ओलाव्यापुरतं. उन्हाला सनस्क्रीन आणि दुपट्टाच लागतो. क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघा. रेशीम क्वचित कोणाला खाजतं.