पुरुषांचा स्क्रम आणि बाईची शिट्टी

प्रश्न : मुलगी कबड्डीची पंच आहे, आता रग्बीची पंचगिरी शिकतेय. पुरुषांचा स्क्रम (दोन्ही संघांचे आठ-आठ गडी वाकून, एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटतात तो) तिला आवरेल का? – एक वाचक, मिरज

उत्तर : नक्की आवरेल. २०१७ मध्ये आयर्लंडच्या जॉय नेव्हिल यांनी युरोपातल्या व्यावसायिक पुरुष क्लबांचा सामना सांभाळला, तर २०२४ मध्ये स्कॉटलंडच्या हॉली डेव्हिडसन यांनी दक्षिण आफ्रिका-पोर्तुगाल ही पुरुषांची रग्बी कसोटी. स्क्रममध्ये पंचाचे तीन हुकूम : ‘क्राउच’ (वाका), ‘बाइंड’ (पकडा), ‘सेट’ (भिडा). दोन्ही फळ्या स्थिर झाल्याशिवाय पुढचा शब्द काढायचा नाही. घाई केली की आठ-आठ जणांचं वजन तिरकं आदळतं आणि स्क्रम कोसळतो. मानेला इजा होते ती इथेच. प्रॉपची (पुढच्या फळीतल्या कडेच्या गड्याची) पकड समोरच्याच्या पाठीवर किंवा कुशीवर हवी. दंड धरला की समोरचा खाली ओढला जातो. खांदे कमरेखाली गेलेले दिसले की लगेच शिट्टी. चेंडू येण्याआधी रेटा दिला तर समोरच्या संघाला फ्री किक, स्क्रम मुद्दाम पाडला तर त्याहून जड शिक्षा, पेनल्टी.

तिला खरं जड जाईल ते कबड्डीची सवय मोडणं. तिथे चूक दिसताच शिट्टी वाजते. इथे समोरच्या संघाला फायदा मिळतोय का, हे पाहत थांबावं लागतं. शिवाय ८० मिनिटं चेंडूमागे पळायचं. दमलेल्या पंचाची नजर आधी चुकते, म्हणून धावण्याचा सराव आजपासूनच हवा.